गाळून घेतलेला समुद्र

हैदराबादला खडक उदंड. जिकडे बघाल तिकडे घराएवढे धोंडे एकावर एक बसलेले. समुद्र तेवढा नाही. सर्वांत जवळचा खडकाळ किनारा म्हणायचा तो विशाखापट्टणमचा, आणि तिथे पोचायला गाडीत बारा-तेरा तास मोडतात. तेव्हा समुद्राकाठच्या गोगलगायींवर संशोधन करायचं असेल तर माणसानं हैदराबादेत राहू नये, एवढं शेंबडं पोरही सांगेल. पण इंदुमती औसेकरांना सांगायची कोणाची टाप होती?

नारायणगुड्याजवळच्या एका खाजगी कॉलेजात बाई प्राणिशास्त्र शिकवायच्या. औसेकर मंडळी मूळची औशाची. निजामाच्या अमदानीत पणजोबा नोकरीला म्हणून इकडे आले आणि घराणं इथलंच झालं. घरात सगळे वकील, मास्तर नाहीतर कचेरीतले. घरात बोलणं मराठी, भाजीवाल्याशी भांडण दखनीत, रिक्षावाल्याशी तेलुगूत. बाईंचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही याच्या चार-पाच कथा त्यांच्या बरकतपुऱ्याच्या वस्तीत फिरत होत्या आणि त्यांतली एकही खरी नव्हती. धाकटा भाऊ माधव वकील. त्याच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत बाई राहायच्या. बोलणं असं फटकळ की पोरी पाठीमागे त्यांना विंचू म्हणत. ते बाईंना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

हे गोगलगायींचं खूळ शिरलं ते १९८८ साली. मुलींची सहल घेऊन बाई विशाखापट्टणमच्या पुढे भीमिलीला गेल्या होत्या. ओहोटी लागलेली, खडकांत जागोजाग पाण्याची डबकी साचलेली. एका डबक्यात एका खेकड्यानं बोराएवढी काळी गोगलगाय पकडली आणि नांगीत धरून कडकन फोडली. त्यात नवल काही नाही. नवल पुढेच होतं. त्याच डबक्याच्या दुसऱ्या टोकाला, मधल्या दगडाच्या आड, जिथून तो खेकडा दिसणं शक्यच नाही, तिथल्या गोगलगायी एकेक करून हलायला लागल्या. पाणी सोडून खडकावर चढल्या, कोरड्यात जाऊन बसल्या, आणि कवचाच्या तोंडाचं झाकण आतून ओढून घेतलं. मुली वाळूत फोटो काढत होत्या. बाई गुडघाभर पाण्यात उभ्या. ना डोळे धड, ना कान, मग यांना कळलं कसं? पाण्यातून काहीतरी आलं होतं. खेकड्याच्या अंगाचं, मेलेल्या बहिणीच्या रक्ताचं, काहीतरी विरघळून आलं होतं आणि त्यांनी ते वाचलं होतं. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं.

प्रयोग तसा साधा. दोन काचेच्या टाक्या, प्रत्येकीत चाळीस पिल्लं, वाटाण्याएवढी. 'अ' टाकीच्या वर एका जाळीच्या खोक्यात खेकडा ठेवायचा. तो खाली येऊ शकत नाही, दिसत नाही, पण त्याचं पाणी थेंबथेंब खाली पडतं. 'ब' टाकीवर तसंच खोकं, पण रिकामं. बाहेरच्या देशांत असं दिसलं होतं की खेकड्याच्या वासात वाढलेल्या गोगलगायी भीतीनं कमी खातात, खुरटतात, आणि आपलं कवच जाड करत नेतात. आपल्याकडच्या काळ्या गोगलगायी तसं करतात का? वर्षभर दर महिन्याला कवचाची जाडी मोजायची, वह्यांत लिहायची, वर्ष संपलं की नवी पिल्लं आणायची. आणि दोन्ही टाक्यांना पाणी एकाच पिंपातलं. यात बाई कडक. 'फरक एकाच गोष्टीचा हवा, खेकड्याचा. पाणी दोघींना एकच!'

आता ते पाणी. दिवाळीत आणि संक्रांतीला बाई भीमिलीहून वीस-वीस लिटरचे आठ कॅन गाडीत घालून आणायच्या. हमालाशी हुज्जत, टीसीशी हुज्जत, आणि घरी आल्यावर भावजयीशी. मंगलावहिनी दारातच आडवी. "वन्सं, ते खेकडे-बिकडे काही असेल तर तसंच कॉलेजात न्या. स्वयंपाकघर वर आहे का खाली, याचा तरी विचार करा." एकदा गाडी लेट झाली म्हणून खेकड्यांची बादली अर्धा दिवस जिन्याखाली राहिली, तर वहिनीनं सगळ्या घरात गोमूत्र शिंपडलं होतं. बाईंनी स्वतः जन्मात मासळी तोंडात घातलेली नाही, हात लावला तोही शास्त्रासाठी, आणि नंतर साबणानं तीनदा धुतला. त्या घरात समुद्राचा वास, मासळीचा वास, खेकड्याचा वास असे वेगवेगळे वास नव्हतेच. सगळा मिळून एकच 'तो वास'.

एवढं पाणी वर्षाला पुरायचं कसं? बरकतपुऱ्यात नळ एक दिवसाआड येतो. त्या घरात वाढलेली बाई पाणी ओतून देईल का? भाजी धुतलेलं पाणी तुळशीला आणि तुळशीखालचं पायरीला, असा खाक्या. इथे तर तेरा तास गाडीत वाहून आणलेला समुद्र! तेव्हा दर शनिवारी टाक्यांचं पाणी बदललं की जुनं पाणी बाई गाळायच्या. चार पदरी पंचा, आई देवाचं पाणी गाळायला धरायची तसा, बादलीच्या तोंडाला बांधायचा आणि पाणी संथ सोडायचं. मग गच्चीवर दोन दिवस ऊन दाखवायचं आणि परत पिंपात. पाणी कसं नितळ, काचेसारखं दिसायचं. बाईंना त्याचा फार अभिमान होता. विद्यापीठातले त्यांचे मार्गदर्शक मुकुंदराव एकदा पाहायला आले, तर बाईंनी त्यांना पेल्यात ओतून उजेडात धरून दाखवलं.

नाक मुरडलं ते फक्त यादगिरीनं. यादगिरी लॅबमधला अटेंडंट, बाईंच्याच वयाचा, चिक्कडपल्लीला राहणारा. रविवारी मासे साफ करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पहिल्याच वर्षी तो पिंपावर वाकला आणि म्हणाला, "मेडम, इस पानी में बास है."

"समुंदर का पानी है यादगिरी, बास तो रहेगीच."

"समुंदर की नै मेडम. पीतां धोए सो पानी की बास है." पीता म्हणजे तेलुगूत खेकडा. "कपडे से छानने से कचरा जाता, बास थोडी जाती?"

"तुम अपना काम करो," बाई म्हणाल्या. यादगिरीनं आपलं काम केलं. नऊ वर्षांत पुन्हा त्या विषयावर चकार शब्द काढला नाही.

आणि नऊ वर्षं दोन्ही टाक्यांत फरक काही पडेना. 'अ'मधल्या गोगलगायी काचेवर पाण्याच्या वर चिकटून बसायच्या, मोजकं खायच्या, खुरट्या राहायच्या. 'ब'मधल्याही तेच. जाडी मोजावी तर केसाचा फरक नाही. बाईंनी काय नाही केलं? शेवाळ बदललं, दिवे बदलले, टाक्यांच्या जागा बदलल्या. पडदे लावून बाहेरची हालचाल बंद केली. "यांना हैदराबादची हवाच मानवत नाही," असं शेवटी हसण्यावारी न्यायच्या. मुकुंदराव निवृत्त होताना म्हणाले, "इंदुमतीबाई, 'नाही' हेही उत्तरच असतं. फरक पडत नाही असं लिहा आणि प्रबंध देऊन टाका. सुटाल."

"मी डोळ्यांनी बघितलंय सर," बाई म्हणाल्या. "त्यांना कळतं. माझंच कुठेतरी चुकतंय." चुकतंय हे बरोबर ओळखलं होतं. कुठे, तेवढंच कळत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

इकडे काळ कोणासाठी थांबला नव्हता. ब्याण्णव-त्र्याण्णवनंतर शहराचा नूरच पालटला. बाईंच्या वर्गात साठ मुली असायच्या, त्या चाळीस झाल्या, मग एकवीस, आणि सत्त्याण्णवला सात. त्यातल्याही दोघी संध्याकाळी अमीरपेटला कॉम्प्युटरच्या क्लासला पळायच्या. बेडूक कोण फाडणार? माधवची केतकीसुद्धा कुठली कुठली कॉम्प्युटरची भाषा शिकत होती. मराठी पेपर वाचताना अडखळायची, पण अमेरिकेच्या व्हिसाचे नियम तिला तोंडपाठ. बाईंचं तिच्यावर फार प्रेम. आणि घरात बाईंच्या गोगलगायींबद्दल विचारणारी तीच एकटी. "आत्या, तुझे स्नेल्स काय म्हणतायत? एनी प्रोग्रेस?"

"झाकण लावून बसल्यात," बाई म्हणायच्या.

अठ्ठ्याण्णवच्या संक्रांतीला भीमिलीच्या शेवाळलेल्या खडकावर बाईंचा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. नवी पिल्लं नाहीत, पाणी नाही, कॅन रिकामेच परत आले आणि बाई प्लास्टर घालून. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं फेब्रुवारीत प्रिन्सिपॉल सत्यनारायणांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. खुर्ची स्वतः ओढून दिली. मग म्हणाले, कॉलेजला कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम मिळाला आहे, तीस मशीनं यायची आहेत, आणि सर्वांत मोठी खोली प्राणिशास्त्राची. "मॅडम, वीस मार्चला विद्यापीठाची समिती येते. तुमच्या संशोधनाचा काही निकाल त्यांना दाखवा. त्यांनी एक ओळ लिहिली तर मी खोली वाचवतो. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत."

एक ओळ! नऊ वर्षं, अठरा वह्या, आणि दाखवायला एक ओळ नाही. बाई काठी टेकत लॅबमध्ये आल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. ही खोली गेली तर त्यांना उरलेली पाच वर्षं लायब्ररीत नाहीतर परीक्षा विभागात बसवतील. तेही चाललं असतं. पण त्या डबक्यात आपण काय बघितलं, ते कधीच कळणार नाही. त्याची त्यांना भीती वाटली.

नऊ मार्चला पिंपाचा तळ दिसायला लागला. उरलेलं पाणी एकाच टाकीला पुरेल एवढं. तेव्हा बाईंना कपाट आठवलं. सुधीर म्हणून त्यांचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेला असतो. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा बाईंसाठी मिठाची मोठी पिशवी घेऊन आला होता. तसलं मीठ शुद्ध पाण्यात विरघळवलं की समुद्र तयार. तिकडे लोक घरात मासे पाळतात, त्यांच्यासाठी असतं. बाईंनी ती पिशवी दोन वर्षं गोदरेजच्या कपाटात ठेवली होती. चांगली वस्तू आली की ती कपाटात, हा औसेकरांचा कुळाचारच. आजोबांची काश्मिरी शाल अशीच जपून जपून कसरीनं खाल्ली. बाईंनी पिशवी फोडली. रसायनशास्त्र विभागातून ऊर्ध्वपातित पाणी मागून आणलं, 'ब' टाकी घासूनपुसून त्यात नवं पाणी भरलं, आणि गोगलगायी सोडल्या. 'अ'ला पिंपातलं जुनं.

तीनच्या सुमारास बाई वह्या चाळत होत्या. सहज मान वर केली तर 'ब'मधली एक गोगलगाय काचेवरून खाली येत होती. ती पाण्यात उतरली, तळाच्या दगडाशी गेली आणि दगडावरचं हिरवं शेवाळ खायला लागली. मागून दुसरी, मग तिसरी. पाच वाजेपर्यंत चाळीसपैकी एकतीस पाण्यात होत्या. हिरव्या दगडावर त्यांच्या चरण्याच्या पांढऱ्या वाटा उमटल्या होत्या. शेजारी 'अ'मधल्या चाळीसच्या चाळीस वर काचेला चिकटलेल्या.

"यादगिरी!" बाई ओरडल्या. "यादगिरी, इधर आओ! देखो, नीचे उतरे!" आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. यादगिरीनं नऊ वर्षांत त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तो बिचारा नुसता "हौ मेडम, हौ मेडम" करत राहिला.

त्या संध्याकाळी बरकतपुऱ्यात बाईंनी जिलबी आणली. केतकीनं मिठीच मारली. माधव म्हणाला, "अक्का, जिंकलीस मुकदमा!" मंगलावहिनीनंसुद्धा जिलबी खाल्ली आणि गोगलगायींच्या नावानं खाल्ली. एवढं कौतुक त्या घरात बाईंच्या वाट्याला पूर्वी कधी आलं नव्हतं. बाई खुशीत होत्या. पण मास्तरकीची खोड वाईट. जिना चढताना त्यांच्या मनात आलं, की फरक आजच का पडला? आज काय बदललं?

सकाळी कॉलेजात गेल्या त्या थेट पिंपाकडे. तळाशी उरलेलं, आदल्या आठवड्यात गाळून ठेवलेलं नितळ पाणी. त्यांनी त्यातलं लोटाभर घेतलं आणि 'ब' टाकीत हळूच ओतलं. घड्याळ काढून समोर ठेवलं. तळावरच्या गोगलगायी चरता चरता थांबल्या. शिंगं आत घेतली. मग एकेक वळली आणि काचेवर चढायला लागली. वीस मिनिटांत टाकीचा तळ रिकामा.

तारेवर पंचा वाळत होता. त्यांनी तो काढला, तोंडाशी नेला आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा नीट वास घेतला. आयुष्यभर 'तो वास' म्हणून नाक बाजूला केलेला वास. मग सुधीरच्या पाण्याचा घेतला. त्याला वासच नव्हता.

"यादगिरी," त्या म्हणाल्या, "तुमने बोला था."

यादगिरी खाली बघत म्हणाला, "जाने दो मेडम. पुरानी बात."

पिंप एकच. टाक्यांतलं पाणी दर शनिवारी त्यात परत. खेकड्याचं पाणी त्यात, आणि तेच पाणी 'ब'ला. नऊ वर्षं 'ब' टाकीवरच्या रिकाम्या खोक्यात खेकडा नव्हता, पण टाकीत होता. पंच्याच्या चार पदरांतून, गच्चीवरच्या उन्हातून तो दर आठवड्याला परत येत होता. आडातच होतं, मग पोहऱ्यात येणार नाही तर काय? आणि तिथे सुधीरची पिशवी दोन वर्षं कपाटात. तेव्हाच फोडली असती तर तेव्हाच कळलं असतं, आणि दोन वर्षं हातात राहिली असती. बाईंना रडू आलं नाही. त्यांनी पंचा घडी करून पिंपावर ठेवला.

घरी केतकीला सांगितलं तेव्हा तिनं लगेच हिशेब मांडला. "आत्या, तू जुनं काही सांगूच नकोस ना. नेक्स्ट टेन डेजचाच डेटा दाखव. एक टाकी खाली, एक टाकी वर. सिंपल. हू विल नो?"

"मला कळेल ना," बाई म्हणाल्या.

"पण खोली वाचेल!"

"दोन टाक्यांत पाणीच वेगळं आहे गं. एकीत समुद्राचं, एकीत पिशवीतलं. त्यावरून काही सिद्ध होत नाही. सिद्ध करायला परत पहिल्यापासून करायला पाहिजे." मग आवाज अगदी बारीक करून, "अगं, चाळीस चाळीस करून नऊ वर्षांत किती झाल्या. मी त्यांना जन्मभर घाबरवून ठेवलं. खेकडा नसताना. त्यांनी धड खाल्लं नाही गं." केतकीनं आत्याचा हात धरला, आणि बाईंनी तो धरू दिला.

वीस तारखेला समितीचे तिघे आले. सत्यनारायणांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मॅडमच्या प्रयोगाला यश आलं आहे. अध्यक्ष कौतुकानं टाक्यांकडे वाकले. "म्हणजे नऊ वर्षांच्या नोंदी आहेत म्हणता?"

"आहेत," बाई म्हणाल्या. "सगळ्या रद्दी." आणि काठीवर भार देऊन त्यांनी सगळं सांगितलं. पंचा दाखवला, पिंप दाखवलं, लोटाभर पाणी ओतून गोगलगायी वर चढतात तेही दाखवलं. यादगिरीनं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, तेही सोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "पण आता चूक सापडली आहे. आता बरोबर करता येईल. मला एक वर्ष द्या. निदान साठ दिवस तरी. एवढी मोठी खोली नको, कोपरा चालेल."

विंचू म्हणायचे त्या बाईंनी कोणाकडे काही मागितलं, ते एवढंच. अध्यक्ष भले गृहस्थ. त्यांनी मान हलवली, "असा प्रामाणिकपणा दुर्मीळ झाला आहे मॅडम," म्हणाले, आणि जाताना तसं कुठे लिहिलं मात्र नाही. लिहिणार काय? सत्यनारायण दारात रेंगाळले. "तुम्हीच सांगितलंत मॅडम. मी काय करू?" त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. एकतीस तारखेला खोलीत एसीचं काम सुरू झालं, आणि मशीनं खोक्यांतून बाहेर यायच्या आधी बाईंची बेसिनं भिंतीतून उपटली गेली.

खेकडे यादगिरी घेऊन गेला. पुढे त्यांचं काय झालं ते बाईंनी विचारलं नाही. काचेच्या टाक्या कॉलेजच्या मालकीच्या, त्या अडगळीत गेल्या. ऐंशी गोगलगायी, सुधीरच्या मिठाचं उरलेलं पाणी आणि टाक्यांतलं गाळून पिंपात जमलेल्या जुन्या पाण्याचे दोन कॅन रिक्षात घालून बाई घरी आल्या. वरच्या गॅलरीत आंघोळीचं जुनं घंगाळ होतं. त्यात शेवाळाचे दगड मांडले, पिशवीचं पाणी भरलं आणि सगळ्यांना एकत्र सोडलं. मंगलावहिनी जिन्यात आली, तिनं पाहिलं, आणि खाली गेली. गोमूत्र या खेपेला निघालं नाही.

आठ-दहा दिवस बरे गेले. ऐंशीच्या ऐंशी तळाला उतरून चरायच्या. 'अ'मधल्यासुद्धा, सगळा जन्म खऱ्याखुऱ्या खेकड्याखाली काढलेल्या. बाई खुर्ची टाकून बघत बसायच्या. वही नाही, मोजपट्टी नाही. पण एप्रिल तापत गेला. हैदराबादचं ऊन गॅलरीत दुपारभर उभं राहायला लागलं. पाणी आटलं, मग गढुळलं, मग उलटलं. एका सकाळी तीन गोगलगायी कवचाबाहेर लोंबत होत्या. दुसऱ्या दिवशी आठ.

"माधव, भीमिलीला जायला हवं रे," बाई म्हणाल्या. "सोडून तरी येते त्यांना. नाहीतर दोन कॅन पाणी तरी."

"अक्का, गोगलगायींसाठी विशाखापट्टणम? पायाची अवस्था बघ तुझ्या. खडकावर पाऊल टाकायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय." माधव समजुतीनंच बोलत होता. "मला कोर्टातून सुटका नाही. मेच्या सुट्टीत बघू ना." यादगिरीला रजा मिळत नव्हती, नव्या खोलीत त्याला दारावर बसवलं होतं, चपला बाहेर काढायला सांगायला. मिठाची पिशवी संपली होती, आणखी मागायला सुधीरला पत्र टाकलं होतं, ते अजून वाटेत. आणि केतकीचा व्हिसा आला होता. घरात बॅगा, लोणच्याच्या बरण्या, मावश्या. त्या गडबडीत कोणाला कशाला अडवायचं?

दुपारी ऊन कलल्यावर बाईंनी कॅन ओढत आणला. हे त्याच पिंपातलं पाणी. गाळलेलं, नितळ. हे घातलं नाही तर उद्यापर्यंत सगळ्या संपतील. घातलं तर जगतील. बाई बराच वेळ कॅनच्या झाकणावर हात ठेवून बसल्या. आयुष्यात त्यांनी पाणी कधी ओतून दिलं नव्हतं, पण हा कॅन तेवढा मोरीत ओतून द्यावा असं त्यांना फार वाटलं.

मग त्यांनी घंगाळातलं नासलेलं पाणी काढलं, दगड विसळले, आणि कॅन वाकडा करून हळूहळू ओतायला सुरुवात केली. अर्धा कॅन झाला नसेल, तोवर पहिली वळली. मग बाकीच्या. एकमेकींच्या अंगावरून, घाईनं म्हणावं तर गोगलगायीच्या घाईनं, सगळ्या वर आल्या. घंगाळाच्या काठाला पाण्याच्या वर ओळीनं चिकटल्या, आणि एकेकीनं झाकण ओढून घेतलं.

केतकी नवं घड्याळ दाखवायला वर आली होती. आत्या कॅन हातात धरून उभी, पदर ओला. तिनं घंगाळात वाकून पाहिलं. तळाला हिरवे दगड, आणि पाणी अगदी स्वच्छ.

"आत्या, मेल्या का गं सगळ्या?"

बाईंनी काठावरच्या गोगलगायी बोट लावून मोजल्या. एकोणसत्तर भरल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "जिवंत आहेत."